प्रणितची बाजू

रोह्याच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. नातेवाइकांचे रखडलेले लॅपटॉप बघून देणं त्या नोकरीबरोबर येतंच. त्यामुळे प्रतिक्षाचा फोन आला तेव्हा मला काही वेगळं वाटलं नाही.

प्रतिक्षा माझ्या मामेभावाची, प्रणितची बायको. वडखळच्या पुढे खाडीलगतच्या गावात ती आणि माझी मामी, गिरजाबाई, दोघीच राहतात. प्रणित गेल्या पावसाळ्यात गेला. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली, खारं पाणी भातात शिरायला लागलं, तसे गावातले पुरुष मातीच्या गोणी घेऊन धावले. प्रणित अगदी खांडीच्या तोंडाशी उभा होता. पाणी ओसरलं तेव्हा तो तिथे नव्हता. पुढेही सापडला नाही.

"ताई, पेणला एका ऑफिसात काम मिळतंय," प्रतिक्षा म्हणाली. "पण कॉम्प्युटर यायला पाहिजे. ह्यांचा लॅपटॉप आहे, तो चालू व्हायलाच जीव खातो."

"सगळं पुसून नवीन टाकू."

"पुसायचं नाही काही," ती घाईने म्हणाली. मग हळू आवाजात, "ह्यांचं आहे ना सगळं त्यात."

मी तिला समजावलं. डिस्कमध्ये रिकामी जागा भरपूर असते. त्यातली थोडी वेगळी काढायची आणि तिथे लिनक्स टाकायचं, म्हणजे विंडोजसारखीच पण हलकी, फुकट मिळणारी सिस्टीम. जुनं विंडोज, प्रणितचे फोटो, सगळं जिथल्या तिथे राहतं. एका घरात दोन चुली, तसं.

रविवारी गेले. पडवीत बसलो. दारात चटईवर सुकट घातली होती, तिचा वास आणि खाडीचा वास एकमेकांत मिसळला होता. आधी प्रणितचं सगळं माझ्या डिस्कवर उतरवून घेतलं, मग वाटणी सुरू केली. स्क्रीनवर एक आडवी पट्टी दिसत होती. करडा भाग विंडोजचा, हिरवा नव्याचा.

मामी मागे येऊन उभी राहिली. "काय करतंस गो?"

"वाटणी करतेय, मामी. ही प्रणितची बाजू, ही प्रतिक्षाची."

मामी बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिली. "तो येल तवा त्याला पुरंल ना?"

प्रतिक्षाने मान खाली घातली. मी बटण दाबलं.

काम चोख झालं. लॅपटॉप सुरू झाला की कुठे जायचं ते विचारायचा, विंडोज की लिनक्स. नव्या बाजूला तो झटक्यात उघडला तेव्हा प्रतिक्षा कितीतरी महिन्यांनी हसली असं मामीच म्हणाली.

काही दिवसांनी तिचा फोन. "ताई, जागा भरली म्हणतोय."

सिनेमे भरले असतील असं मला वाटलं. जाऊन बघितलं तर तिच्या सरावाच्या मोजक्या फायली. तिची बाजूच लहान झाली होती. हिरवा आखडला होता आणि करडा तेवढाच वाढला होता.

असं आपोआप होत नाही. ती सीमा हलवायची तर जाणता माणूस हवा, दोन्हीकडची माहिती सांभाळत करायचं वेळखाऊ काम असतं ते. मी दोघींना विचारलं.

"मना काय कलतंय गो त्यातला," मामी म्हणाली.

लॅपटॉप रोह्याजवळ वरसे गावात माझ्या घरी आणला. वाटणी पुन्हा नीट केली, आठवडाभर सतत चालू ठेवला. सीमा केसभरही हलली नाही. समाधानाने परत नेऊन दिला.

पुन्हा तेच झालं.

"ताई, एक बोलू?" ह्या वेळी प्रतिक्षा फोनवर फार सावकाश बोलत होती. "मोठी भरती असते ना, त्याच दिवशी होतं."

योगायोग, मी म्हणाले. तरी पुनवेला रजा टाकून गेले. माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मानणार नव्हते.

दुपारची वेळ. ऊन चांगलं होतं. लिनक्स सुरू केलं आणि ती पट्टी समोर उघडून बसले. प्रतिक्षा शेजारी. मामी उंबऱ्यात, पाठ आमच्याकडे. बांधापलीकडे खाडी भरत होती. आधी चिखलाची फुटफुट ऐकू आली, मग पाण्याची चुळचुळ, मग तीही थांबली.

करडा सरकला.

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा बघितलं.

तो सरकतच होता. सावकाश. पाणी शेतात पसरतं तसा.

लिनक्स ज्या जागेवर उभं होतं तीच जागा त्याच्या पायाखालून जात होती. ते बंद पडायला हवं होतं. पडलं नाही.

मी प्रणितची बाजू उघडली. त्याचे फोटो, गाणी, कंपनीच्या शिफ्टचे कागद. मी उतरवून घेतलं होतं तेवढंच. एक फाईल जास्त नाही. बाकी सगळी नुसती मोकळी जागा.

ती मोकळी जागाच वाढत होती.

"बघितलंत?" प्रतिक्षा म्हणाली.

स्क्रीन काळी होईपर्यंत मी बटण दाबून धरलं. हात उचलला तर बोटं ओली होती. घाम असेल. मी ती पदराला पुसली.

"चल माझ्याकडे. दोघीही चला. आत्ताच."

"सोमवारपासून कामावर जायचंय, ताई. पेण इथून जवळ पडतं."

"मी कंय येव?" मामी वळूनही न बघता म्हणाली. "घरान मानूस हाय."

लॅपटॉप मी घेऊन आले. डिस्क काढून कॉलेजातल्या कपाटात बंद केली. उघडून बघितली नाही. आता ते घर मोकळं झालं, असं मी स्वतःला सांगितलं.

दिवाळी झाल्यावर गेले. प्रतिक्षा पेणहून नुकतीच आली होती. काम छान चाललंय म्हणाली. सुकली होती, पण नोकरी आणि घर दोन्ही करणारी बाई सुकतेच. मामी आत चहा टाकत होती.

मला खुर्ची देऊन प्रतिक्षा पलंगावर बसली. मोठा, दोघांचा पलंग, पूर्ण रिकामा. ती पायथ्याकडे बसली होती, अंग चोरून.

"नीट बस की," मी म्हणाले.

ती हसली. बाहेर खाडी भरत होती.

मग माझ्याकडे न बघता, रोजचं काही बोलावं तशा आवाजात ती पुटपुटली, "सरकते हं," आणि आणखी कडेला सरकली.

ती जिथून सरकली, तिथली दबलेली गादी वर आली नाही.