आधी अक्षर, मग लेप

तळोद्याच्या जीप स्टँडवर मी नवलसिंगच्या जीपच्या पाटीवर बाटलीभर पाणी ओतलं, आणि मागून आवाज आला…

"ओ ताई, काय करी ऱ्हायन्यात? कालदिन लिखेल पाटी शे ती."

वळून पाहिलं. हातात ब्रश, कानामागे खडू, शर्टावर अर्ध्या तालुक्याच्या पाट्यांचे रंग. भरत पेंटर. डोळे असे शांत की मी उत्तर विसरले — आणि याने पहिल्याच वाक्यात मला ताई करून टाकलं होतं. आमच्याकडे एकदा ताई म्हटलं की विषय संपतो.

"थांबा, देखा तर," मी म्हणाले.

नवलसिंगला विचारून पाटीच्या उजव्या अर्ध्या भागावर मी लेप दिला होता. तिथे पाणी पसरलंच नाही. त्याचे गोल थेंब झाले आणि धूळ उचलून घरंगळले. डावा अर्धा नुसता भिजला.

"यामा काय टाकं?"

शहाद्याच्या कॉलेजातला माझा एम.एस्सी.चा प्रकल्प होता तो. "वाळूनाच कण शेतस, पन केसना हजारावा भाग इतला बारीक. त्यासनावर पानीले बसाले जागाच भेटत नही."

"कण उडी नही जातस?"

"पॉलिमर धरी ठेवस त्यासले."

"म्हंजे काहीच चिकटू द्यावानं नही… तरी एक चिकटनारं लागसच," तो हळूच म्हणाला.

आमच्या सरांनी दोन वर्षांत हे असं कधी सांगितलं नव्हतं.

मग दर शनिवारी मी तळोद्यात. धडगावच्या घाटातून जीप चिखलाने माखून यायची, मी वहीत नोंद करायचे, तो चहा सांगायचा. चहात आलं जास्त घालायला सांगायचा, कारण मला आवडतं हे त्याने न विचारता ओळखलं होतं. पण हाक मारायचा ती ताईच. राखीच्या शनिवारी मी मुद्दाम गेले नाही. विषाची परीक्षा कशाला?

पुढच्या खेपेला तो वैतागलेला दिसला. नवलसिंगला पाटीवर आणखी एक गाव लिहून हवं होतं आणि लेपावरचा रंग वाळला की पापुद्रा होऊन सुटत होता.

"ताई, तुन्हा लेप मन्हा अक्षरलेबी टिकू देत नही."

"आधी अक्षर, मंग लेप. उलटं करं तर काहीच लागत नही."

"काहीच?"

"काहीच," म्हणून मी उगाच वहीत डोकं घातलं.

भाद्रपदात पुण्याहून पत्र आलं. प्रयोगशाळेत तीन वर्षं, सोमवारी रुजू व्हायचं. शनिवारी मी तळोद्याला गेले ती एकच गोष्ट ऐकायला… आजही तो ताईच म्हणतो का? म्हणाला असता, तर मी काही न बोलता परतीची एसटी धरणार होते.

पुण्याचं ऐकून त्याने ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला. मग रंगांच्या टेबलाखालून पत्र्याची छोटी पाटी काढली. तिच्यावर निळ्या रंगात फक्त 'सोनम'.

"ताई कोठे गयी?" मी विचारलं.

"पह्यला दिन म्हनेल व्हतं. दर शनवारी म्हनी देखं…" तो पाटीकडेच बघत होता. "लागनंच नही. घरंगळी गयं. मन्हा तुन्हावर जीव शे, सोनम."

आनंदाने रडू येतं हे मी ऐकून होते, खरं वाटलं नव्हतं.

"मंग या पाटीले लेप कसा नही मांगा?"

"पह्यले तुले इचारनं व्हतं. लेप दिन्हा का मंग काही बदलता येत नही."

मी डब्यातून ब्रश घेतला, कापडाला पुसला, रंगात बुडवला आणि माझ्या नावाखाली 'भरत' लिहिलं. वरची रेघ मी एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली.

तो वाकला, आणि हसू लागला. "'भ'वर रेघ मोकळी सोडनी पडस. तू 'मरत' लिखं."

"मंग? खोटं शे का?"

त्याचे कान लाल झाले. पुसायला त्याने फडकं उचललं, तेव्हा मी त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. वाळनं का लेप दे." मी पर्समधली बाटली त्याच्या हातात ठेवली. "पन ध्यानमा ठेव, सहा महिनामा लेप झिजस. नवा लेप देवाले माले येनंच पडी."