डाव्या बरगडीखाली

लग्नाचा गाऊन आणला त्या दिवशी बाहेर कोरडं, निवांत ऊन होतं. मी आणि लेक जुन्या कपड्यांच्या दुकानात गेलो होतो, तेही नुसतं बघायला. लग्न तोंडावर आलं होतं आणि नव्या गाऊनच्या दुकानांपुढून आम्ही दोघी काचेतूनच बघून परत येत होतो.

लेकीला घरात सगळे गुंडी म्हणतात. जन्मली तेव्हा गोल, गुळगुळीत आणि इतकीशी होती. वडील शिंपी. त्यांना दुसरं काय सुचणार? ते गेल्यालाही अजून फार काळ झाला नव्हता. त्यांचं मशीन खिडकीशी होतं तसंच होतं, वर कापड टाकलेलं. ते कापड काढायला माझा हात धजत नव्हता.

गाऊन रांगेच्या अगदी टोकाला, भिंतीला चिकटून लटकत होता. सायीच्या रंगाचा, लांब बाह्यांचा. पाठीवर कापडाने मढवलेल्या बारीक गुंड्यांची ओळ. गुंडी तो घेऊन पडद्याआड गेली आणि बाहेर आली तेव्हा दुकानातली दोन गिऱ्हाइकं हातातले कपडे तसेच धरून तिच्याकडे बघत राहिली. कुठे सैल नाही, कुठे तंग नाही. शिंप्याची बायको म्हणून सांगते, तयार कपडा असा बसत नाही. दुसरीच्या अंगावरून उतरलेला तर नाहीच नाही.

"आई, हाच," ती म्हणाली. तिच्या वडिलांच्या आजारपणानंतर तिने काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं.

दुकानदारीण प्रामाणिक होती. तिने गाऊन उलटा करून दाखवला. आतल्या अस्तरावर, डाव्या बरगडीखाली, तळहाताएवढा तपकिरी डाग होता. "हँगरचा गंज असेल," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला एवढ्यात देतेय."

ड्रायक्लीनिंगवाल्याने धुण्याचे पैसे गाऊनपेक्षा जास्त सांगितले आणि वर जबाबदारी घ्यायला तयार नाही. मग ठरवलं, घरीच धुवायचा. कापडातलं मला थोडं कळतं. इतकी वर्षं नवऱ्याच्या शेजारी बसून काजं केली आहेत.

रविवारी दुपारी नणंद मदतीला आली. माझ्यापेक्षा लहान, पण तोंडाने सगळ्यांची आजी.

"वहिनी, एवढं पाणी? गाऊन धुताय की गाऊनला पोहायला शिकवताय?"

"गार पाणी भरपूर लागतं, वन्सं. चुरगळला तर रेघा पडतात."

टबात सौम्य साबण फेसून मी गाऊन हळूच आत सोडला. घेराला चिकटलेली धूळ सुटली, पाणी राखाडी झालं. ते सोडून दुसरं भरलं. बाह्यांत हवा भरली आणि त्या दोन्ही पाण्यावर आल्या, कोपरात किंचित वाकून. "बाई आंघोळीला बसल्यात," वन्सं म्हणाल्या, "जरा पाठ चोळा त्यांची." गुंडी दारात उभी राहून खळखळून हसली. किती दिवसांनी घरात असं हसू आलं होतं. मीही हसले.

तिसऱ्या पाण्याला गाऊन नवा दिसायला लागला. डाग मात्र जागचा हलला नव्हता. पांढरं व्हिनेगर लावून पाहिलं, न्हाणीघर आंबट वासाने भरून गेलं. सोड्याचा लगदा करून जुन्या टूथब्रशने गोल गोल घासलं. काही नाही. शेवटी औषधाच्या कपाटातून पेरॉक्साइडची बाटली काढली आणि कडेला एक थेंब टाकला. बारीक फेस उठला, सुंईं आवाज करत, जखमेवर उठतो तसा.

वन्संनी माझ्याकडे बघितलं. गंज नव्हता तो. रक्त होतं.

"असेल कुणी अंगाने भरलेली," मी म्हणाले. "टाचणी टोचली असेल फिटिंगला."

"टाचणीने एवढं?" वन्सं म्हणाल्या, आणि मग गुंडीकडे बघून टबातलं पाणी ढवळायला लागल्या.

फेस विरला. डाग होता तसाच होता, उलट ओला झाल्यावर जरा ठळक. गुंडीचा चेहरा उतरला. ते बघवेना म्हणूनच की काय, वन्सं म्हणाल्या, "आपला दादा असता तर म्हणाला असता, थुंका त्याच्यावर."

हे सांगायला हवं. कपडा शिवताना सुई बोटात जाते, रक्ताचा ठिपका पडतो. त्यावर पाणी, साबण काही लागत नाही. ज्याचं रक्त असेल त्याने आपली थुंकी दोऱ्याच्या गुंडाळीला लावून टिपायची, ठिपका साफ निघतो. दुसऱ्या कुणाची थुंकी चालत नाही. सगळे शिंपी हे करतात. आमच्याकडे एकदा कारागीर जेवायला बसला होता, हात भरलेले, आणि ह्यांनी त्याला भरल्या तोंडाने उठवून आणलं होतं, कारण नवरदेवाच्या कोटावरचं रक्त त्याचं होतं. "तुम्ही थुंकलात तर काय होईल?" मी विचारलं होतं. "थुंकी वाया जाईल," हे म्हणाले होते.

वन्संची ती नुसती गंमत होती. तरी मी कापसाचा बोळा ओला करून टिपला. काही झालं नाही. वन्संनी टिपला. काही झालं नाही. दोघींना हसू आलं.

"द्या इकडे," गुंडी म्हणाली. "मला पण."

तिने बोळा जिभेला लावला, डागाच्या कडेला टेकवला, आणि उचलला.

बोळा लाल झाला होता.

तपकिरी नाही. ताजा लाल. अस्तरावर तेवढ्या जागेत कापड स्वच्छ, पांढरं दिसत होतं, कुणी तिथे कधी काही सांडलंच नसावं असं.

"आई, निघतंय," गुंडी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "बघ ना. माझ्या थुंकीत काय ॲसिड आहे की काय?"

शिंप्यांची ही रीत तिला ठाऊक नव्हती. वडिलांच्या दुकानात ती लहानपणी खेळायची, पण गुंड्यांच्या डब्याशी. थुंकी कुणाची चालते आणि कुणाची नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हा दोघींना माहीत होतं. वन्संनी टबाची कड धरली आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे.

"राहू दे, गुंडी," मी म्हणाले. "अस्तर आहे, आतून कोण बघतंय..."

"वा. निघत नव्हता तेव्हा तूच दुपारभर घासत होतीस."

ती खाली बसली, मांडीवर तो भाग पसरून घेतला आणि कामाला लागली. बोळा जिभेला, बोळा डागाला. बोळा जिभेला... मला तिचा हात धरायचा होता. काय सांगून धरणार होते? न्हाणीघरात व्हिनेगरचा वास होता, त्याच्या खालून आता दुसरा वास यायला लागला. ऊबदार, लोखंडासारखा. नाणं बराच वेळ मुठीत धरलं की हाताला येतो तसा. गाऊनच्या घेरातून फरशीवर पाणी ठिबकत होतं आणि बाकी कसलाही आवाज नव्हता.

"तोंड सुकलं," गुंडी म्हणाली. "आई, पाणी दे ना."

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन पेला भरला, आणि तो तिला आणून दिला. ती गटागटा प्यायली, पुन्हा बोळा ओला केला. मी शेजारी उभी राहून बघत होते. ज्या कामाची मला भीती वाटत होती त्याला मीच पाणी पुरवत होते, आणि दुसरं काही करण्यासारखं मला सुचत नव्हतं.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं तेव्हा डाग संपला. लाल बोळ्यांचा ढीग तिने कचऱ्यात टाकला, गाऊन हँगरला लावून न्हाणीघराच्या दांडीवर टांगला, आणि होणाऱ्या नवऱ्याला फोन करायला गॅलरीत गेली. तो लिफ्ट दुरुस्त करतो. शांत मुलगा आहे, बोलताना समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघतो. मला तो पहिल्या भेटीतच आवडला होता. बाहेरून तिचा आवाज येत होता, "मी काढला. मी स्वतः. तू म्हणशील बायको कामाची निघाली."

स्वयंपाकघरात वन्सं हळू आवाजात म्हणाल्या, "थुंकी ती थुंकी, वहिनी. आपण आधी भिजवलं, म्हणून तिच्या हाताने निघालं."

"हो."

"दादाचं ते नुसतं बोलणं. कारागीर पोरांनी कामात हयगय करू नये म्हणून."

"हो."

"दुकानात घालून बघितला तेव्हा तिला काही टोचलं नव्हतं ना?"

"डाग आधीचा होता, वन्सं. तिने अंगातून उतरवला तेव्हाच दुकानदारणीने दाखवला होता. जुना होता तो... वाळून कडक झालेला."

वन्संनी ओट्यावरचा ओला फडका पिळला. मग म्हणाल्या, "मग तिचं रक्त त्याच्यावर कधी..." आणि तिथेच थांबल्या. वाक्य पुरं करायचं आम्हा दोघींनाही धैर्य झालं नाही. 'सांडलं असेल' असं म्हणता येत नव्हतं, आणि 'सांडेल' असं म्हणायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात फोन केला. दुकानदारीण म्हणाली, गाठोडी येतात, ताई, कुणाची ते आम्ही विचारत नाही. परत घ्याल का, विचारलं. धुतलेला माल घेत नाही म्हणाली.

गुंडीला म्हटलं, दुसरा बघू या. ती म्हणाली, "का? आता तर डागही नाही." मी म्हटलं, मला तो बरा वाटत नाही. तिने माझा हात हातात घेतला आणि समजूतदारपणे म्हणाली, "आई, मलाही बाबांनी शिवलेलाच हवा होता. पण आता हा आहे ना." तिला वाटलं मला ते दुखतंय. दुखत होतंच. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? तिने ऐकलं असतं तर ती लग्नाच्या तोंडावर भेदरून गेली असती. ऐकलं नसतं तर दुःखाने आईचं डोकं फिरलं म्हणाली असती. आणि समजा ऐकलं, पटलं, तरी तिने करायचं काय? घराबाहेर पडायचं नाही? सुरी धरायची नाही? जिना चढायचा नाही? कशापासून जपायचं तेच मला माहीत नव्हतं.

ती कामावर गेल्यावर मी गाऊन इस्त्रीला घेतला. त्याच्या छातीच्या भागावर इस्त्री ठेवली आणि हात उचललाच नाही. धूर निघाला तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी डाव्या बाजूलाच ठेवली होती.

संध्याकाळी ती रडली. माझ्यावर रागावली मात्र नाही. जळलेल्या भागावरून बोट फिरवत म्हणाली, "जाऊ दे. तुझं लक्ष नसतं हल्ली." लग्न तिने मैत्रिणीकडून आणलेल्या साध्या निळ्या पोशाखात केलं. छान दिसत होती. गाऊनचे मी तुकडे केले आणि निरनिराळ्या दिवशी कचऱ्यात टाकले.

मला वाटलं होतं, सुटका झाल्यासारखं होईल. पण कपडा गेला म्हणून त्याच्यावरचा डाग गेला असं नव्हतं. तिच्याच हातून पुसला गेला, एवढंच. ते रक्त अजून तिच्या अंगात होतं, जिथल्या तिथे, फिरत. ती भेटली की मी तिला जवळ घेते आणि उजवा हात आपोआप तिच्या डाव्या बरगडीखाली जातो. कोरडं लागलं की मला पुढचा श्वास घेता येतो.

परवा ती आली होती. दुपारची, एकटीच. आम्ही चहा घेऊन खिडकीशी बसलो. ती म्हणाली, "आई, एक विचारू? जवळ घेतलंस की दर वेळी इथेच का चाचपतेस?"

"सवय," मी म्हणाले. "लहानपणी तुला तिथे गुदगुल्या व्हायच्या."

ती हसली. "तू आणि माझा नवरा, दोघं सारखीच आहात. तोही झोपेत इथेच हात ठेवतो."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. "नुसता ठेवतो?"

"दाबून धरतो गं. इतका जोरात की मला जाग येते. सोडवायला गेले तर झोपेतच म्हणतो, हलू नकोस... अजून थांबत नाहीये..."

"काय थांबत नाहीये?"

"कोण जाणे. सकाळी विचारलं तर त्याला काही आठवत नाही." तिने बिस्किट चहात बुडवलं. "फक्त उठल्या उठल्या, माझ्याशी बोलायच्याही आधी, तो हात धुऊन येतो. साबण लावून. कोपरापर्यंत."