वायरीवरचा दोडका

दार उघडलं तेव्हा उज्ज्वलाच्या कडेवर पेंगुळलेली चिमी होती, हातात दुधाचं पातेलं होतं, आणि दारात... दूधवाला नव्हताच. खांद्यावर शिडी, केसांत भुरभुर पावसाचे थेंब, आणि उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहिलेला एक उंच, दमलेला माणूस.

"इथला अनसिंगचा आमचा माणूस सुटीवर हाय, म्हणून मले वाशीमहून धाडलं. मी उत्कर्ष. नेट तुमचंच बंद पडलं का?"

"बंद पडलं असतं त बरं होतं, भाऊ. रांगून राह्यलं."

तो हसला. "आत्ताच त आलो मॅडम, लगेच भाऊ कायले?"

उज्ज्वलालाही हसू आलं. किती दिवसांनी! हसायलाही अंगात जोर लागतो, आणि तिचा जोर सकाळी भाजीच्या जुड्या बांधण्यात, दुपारी चिमीमागे धावण्यात आणि उरलासुरला त्या कॉम्प्युटरपुढे संपून जायचा. फारकती घेऊन ती आईकडे आली, तेव्हा मामेभावानं आपला जुना कॉम्प्युटर दिला होता. त्यावर ती पुण्याच्या एका ऑफिससाठी रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायची. पण दोनदा फाइल उशिरा पोचली, आणि पुण्याच्या बाईंनी सांगून टाकलं, शुक्रवारी सातच्या आत काम आलं नाही तर पुढचं काम दुसरीला. मग चिमीला आईजवळ ठेवून पुण्याला नोकरी शोधायची. तिसरं काही सुचत नव्हतं.

उत्कर्षनं कॉम्प्युटर उघडून धूळ झटकली. सुरू होतानाच आपोआप चालू होणारे नको ते प्रोग्रॅम बंद केले. मग धान्याच्या पत्र्याच्या कोठीमागून राउटर ओढून काढला.

"इथं कोंडला त बिचारा बोलन कोणासंग?"

"आईनं ठेवला. चिमी ओढते ना."

नेट जरासं सरकलं... आणि पुन्हा बसलं.

"मशीनच जुनी झाली, मॅडम. तिच्यातच खोट असन."

"सगळे तेच म्हणतात," उज्ज्वला हळूच म्हणाली. "जुनं दिसलं की खोट त्याच्यातच."

ती कॉम्प्युटरबद्दलच बोलत होती. तरी त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. तक्रार तशीच बंद करून जाता आलं असतं त्याला. त्यानं केली नाही.

शुक्रवारी दुपार कलल्यावर तो पुन्हा आला, मित्राचा नवा लॅपटॉप घेऊन. तोही तसाच रांगला! उत्कर्षनं जुन्या कॉम्प्युटरच्या डोक्यावर हात ठेवला. "माफ कर रे बाबा. उगाच तुह्यावर आळ घेतला."

आणि तो थेट परसात गेला.

खांबावरून घरात येणाऱ्या वायरीवर दोडक्याचा वेल मस्त पसरला होता. वेलाला हात पुरावा म्हणून उज्ज्वलाच्या आईनं, तुळसाबाईनं, वायर सुतळीनं खाली ओढून खुंट्याला करकचून बांधली होती.

"रिकामी तार होती. म्या वेल चढवला," तुळसाबाई म्हणाली. "भाजीवाल्याच्या घरी तार रिकामी ठेवतेत का?"

"मावशी, ह्या वायरीत केसावानी बारीक काच असते. तिच्यातून उजेड जाते. इथं पार मुडपली ते."

"मंग कापतं का माह्या वेलाले? आत्ता कुठं दोडके धरून राह्यले!"

उज्ज्वलानं घड्याळाकडे पाहिलं. कापला तर पाच मिनिटांत होईल... पण आईच्या तोंडाकडे पाहून तिला बोलवेना.

"कापत नाई," उत्कर्ष म्हणाला. "सोडवतो. दुसरी तार द्या. मॅडम, तुमी खालून धरा."

त्यानं शेजारी नवी तार ताणली. मग शिडीवर तो, खाली ती. वेलाची एकेक कुरळी दोरी नखानं उलगडायची, नव्या तारेवर टेकवायची. भुरभुर चालूच होती. मध्येच बोटांना बोटं लागली, आणि दोघांनीही एकाच वेळी वेलाकडे पाहिलं.

"चिमीचे बाबा...?"

"फारकती झाली." ती थांबली. "तुमच्या घरी कोण?"

"आई. मले कोण पोरगी देते? म्हणतेत, खांबावर चढणारा नाई पायजे."

"खांबावर चढणारा काहून नाई?" ती म्हणून गेली... आणि कानापर्यंत लाल झाली.

शेवटची दोरी सुटली तेव्हा दिवेलागण होत आली होती. सांजेला उमलणारी दोडक्याची पिवळी फुलं नव्या तारेवर हलकेच उघडत होती. उत्कर्षनं सुतळी सोडली, मुडपलेली वायर सरळ केली, उजेड मोजायचं यंत्र लावलं आणि मान डोलावली.

सातला थोडा वेळ होता. फाइल निघाली... आणि एका दमात पोचली. उज्ज्वलानं टेबलावर डोकं टेकलं. कितीतरी दिवसांचा शीण पाठीवरून उतरत होता. तो दारापाशी थांबला.

मग तिच्या फोनवर मेसेज वाजला.

"तक्रार बंद कराले ओटीपी लागते," तो म्हणाला. आवाज उतरला होता.

"चार... नऊ... दोन..." ती थांबली. "शेवटचा आकडा दिसून नाई राह्यला."

"मॅडम!"

"उज्ज्वला."

"उज्ज्वला... उद्या येऊ का मंग, आकडा घ्याले?"

"उद्या बाजार. आई घरी नसते."

"मंग परवा येतो," तो तिच्याकडे सरळ पाहत म्हणाला. "माह्या आईले घेऊन. मावशी घरी असतानाच."

परसातून तुळसाबाईचा आवाज आला, "येजा बापा! दोडक्याची भाजी खाऊन जाजा!"

उज्ज्वलानं फोन पुन्हा उचलला. आता त्याला यायला तक्रार लागणार नव्हती.

"सात," ती म्हणाली.