लाँड्रीच्या अंगणातला मासा

“हलू नकोस! आहेस तिथेच उभा राहा!” घारी दबक्या आवाजात ओरडली.

“मासा लागला का?” वकिलाने डोळे मोठे करून विचारलं.

“हो! चांगला चाळीस किलोचा आहे आणि त्याने खाकी चड्डी घातलीय. गळ तुझ्याच चड्डीत अडकलाय!”

वकील हा घारीचा थोरला भाऊ. त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण जेवायला बसावं की बसू नये यावरही तो दोन्ही बाजूंनी भांडू शकायचा, म्हणून घरीदारी सगळे त्याला वकीलच म्हणत. घारी त्याच्याहून दीड वर्षाने लहान. दोघं सुट्टीत मामाकडे आली होती. मामा गावाबाहेरच्या तळ्याचा राखणदार. तळ्यात बारा महिने झऱ्याचं पाणी यायचं आणि त्यातून एक ओढा निघायचा. त्या ओढ्यात पाणी सोडायचं लोखंडी दार उघडणं आणि बंद करणं हे मामाचं काम. या दोघांना गळ टाकायला शिकवलं होतं तेही त्यानेच.

ओढा एवढासा होता, लांब उडी मारली की पार! पण त्यात मासे होते. ते गळाला लागत नसत, हा भाग वेगळा. आधी गांडुळं खणायची, मग ती डब्यातून पळाली की पुन्हा खणायची. मग तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या दोरीचा गुंता सोडवण्यात अर्धा तास घालवायचा. मग बूच पाण्यावर सोडून ठोकळ्यासारखं बसायचं आणि नेमकी नाकावर माशी बसली की त्याच क्षणी बूच बुडायचं! दोरी ओढावी तर गळ रिकामा आणि गांडूळ फस्त. तरीसुद्धा ते बूच गडप होतं ना, तेव्हा पोटात अशा काही गुदगुल्या होतात की विचारू नका. तेवढ्यासाठी दोघं रोज सकाळी ओढ्यावर हजर असायची.

यंदा मात्र काहीतरी भलतंच चाललं होतं. सुट्टीच्या पहिल्या दिवशी ज्या दगडावर बसून दोघांनी पाण्यात पाय सोडले होते, त्या दगडापासून पाणी आता चार हात लांब गेलं होतं. ओढ्याची वरची वाट तर साफ कोरडी. एक डबकं तेवढं उरलं होतं आणि त्यात सगळे मासे दाटीवाटीने उभे होते. आमिषाकडे एकही ढुंकून बघत नव्हता.

“उन्हाळा आहे. पाणी आटणारच,” चड्डीतला गळ सोडवत वकील म्हणाला.

“मागच्या उन्हाळ्यात कुठे आटलं होतं?”

“त्यावर माझं म्हणणं असं आहे की—”

पण ते म्हणणं जगाला कधीच कळलं नाही, कारण तेवढ्यात टाचणी धापा टाकत आली. टाचणी म्हणजे लाँड्रीवाल्या काकांची मुलगी. अंगाने टाचणी आणि बोलायलाही तशीच टोकदार.

“आमच्या अंगणात मासा आलाय! जिवंत!”

“कोणी आणला?”

“कोणी नाही! स्वतःहून आलाय!”

तिघं पळत सुटली.

लाँड्रीच्या अंगणात दोऱ्यांवर चादरींच्या रांगा वाळत होत्या आणि खाली घोटाभर पाणी साचलं होतं. ये-जा करायला विटा मांडल्या होत्या. नळदुरुस्तीवाल्याने फुटका पाइप शोधण्यासाठी दोन खड्डे खणले होते. पाइप काही सापडला नव्हता, आता तो तिसऱ्या खड्ड्याची जागा पाहत होता. आणि एका चादरीच्या सावलीत, त्या घोटाभर पाण्यात, बोटभर लांबीचा मासा आरामात फिरत होता!

“ओढ्यात मासे असतात तिथे पाणी नाही, आणि इथे पाणी नको तिथे मासा!” घारी चक्रावून म्हणाली.

लाँड्रीवाले काका तर नुसते धुमसत होते. “पंधरा दिवस झाले! धुतलेल्या चादरींच्या कडा चिखलात लोळताहेत! तुमचा मामा तळ्याचं दार उघडं टाकून झोपतो, दुसरं काय! मी रीतसर तक्रार दिलीय!”

“पण काका, दार उघडं असतं तर ओढ्यात पाणी नको का?” वकिलाने विचारलं. “तिथे तर ठणठणाट आहे.”

“मग हे काय आभाळातून पडलं?”

वकिलाने खरंच एकदा आभाळाकडे पाहिलं. घारीने तो मासा बादलीत घेतला आणि तिघं मामाकडे निघाली.

मामाची खोली तळ्याच्या भिंतीला टेकूनच होती. एक खाट, एक टेबल, खिडकीत दुर्बीण. मामा टेबलाशी एक कागद घेऊन बसला होता. रोज लांबूनच हाका मारणारा मामा आज कागदातून मान वर काढेना.

“काय झालं रे मामा?”

“बदली झाली,” मामा म्हणाला. “उद्या मोठे साहेब येताहेत. परवापासून मी कचेरीत, फायलींच्या खोलीत. दोन तक्रारी आल्यात माझ्याविरुद्ध. लाँड्रीवाले म्हणतात, मी रात्रंदिवस पाणी सोडतो. ओढ्याकाठच्या रोपवाटिकेच्या बाई म्हणतात, मी थेंबही सोडत नाही.”

“अरे, पण दोन्ही एकदम खरं कसं असेल?”

“ते कारकुनाला विचारायला हवं. त्याने दोन्ही अर्ज एकाच टाचणीने टाचले आणि पुढे पाठवले.” मामा खिडकीतून पाण्याकडे पाहत राहिला. “अठरा वर्षं झाली इथे. त्या फायलींच्या खोलीला म्हणे खिडकीच नाही.”

घारीला एकदम रडू फुटणार होतं. तिने बादली खाली ठेवली. मामा तळ्याविना? ही कल्पनाच तिला सहन होईना.

“मग तू ओढ्यात पाणी का नाही सोडत?” तिने विचारलं.

“नियम आहे ना! पट्टीवर पाच फूट पाणी दिसलं तरच दार उघडायचं. ये, तूच बघ.”

घारीने बादलीतला मासा तळ्यात सोडला आणि वाकून पाहिलं. भिंतीलगत पाण्यात बोल्टांनी बसवलेली एक उभी लाकडी पट्टी होती. साहेब येणार म्हणून तीन आठवड्यांपूर्वी सगळंच नवंकोरं झालं होतं. भिंत पांढरी, दार निळं आणि पट्टी पिवळीधमक, तिच्यावर काळेभोर आकडे. पाणी साडेचारच्या खुणेवर होतं.

“पंधरा दिवस साडेचार! वर जात नाही, खाली येत नाही. मलाच काही कळेनासं झालंय.”

“पट्टी खोटं दाखवत असेल तर?” वकिलाने विचारलं.

मामाला ते फारच लागलं. “माणसं खोटं बोलतात रे. अठरा वर्षांत पट्टी एकदाही खोटं बोलली नाही!”

दुपारी तिघांनी ठरवलं, मासा आला त्याच वाटेने उलट जायचं. लाँड्रीच्या कुंपणाखालच्या भोकातून पाण्याची एक धार आत येत होती. धारेच्या वर एक चर, चराच्या वर काटेरी झुडपांचं रान. टाचणी वाट काढत पुढे. तिच्यामागे वकील, प्रत्येक काट्याशी हुज्जत घालत.

“आपण तळ्यापासून लांब चाललोय की जवळ?” त्याने विचारलं.

“मला तर वाटतंय आपण गोल फिरतोय!”

“हळू बोला,” घारी म्हणाली. “आवाज ऐकू येतोय. पाण्याचा!”

झुडपं बाजूला केली आणि तिघं जागच्या जागी उभी राहिली. समोर तळंच होतं! मामाच्या खोलीच्या अगदी विरुद्ध बाजूला, झुडपांनी झाकलेल्या कोपऱ्यात, भिंत थोडी बुटकी होती आणि तिच्यावरून पाणी खळखळ बाहेर सांडत होतं. त्या पाण्याबरोबर एक इटुकला मासाही भिंत ओलांडून सुळकन चरात गेला.

“म्हणजे तळं काठोकाठ भरलंय!” टाचणी म्हणाली.

“पण पट्टी म्हणते, भरलेलं नाही,” घारी म्हणाली.

“म्हणजे तळं भरलंयही आणि भरलेलं नाहीही,” वकील म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच डोकं खाजवू लागला. दोन्ही बाजूंनी भांडायची त्याला सवय होती, पण दोन्ही बाजू एकदम खऱ्या निघाल्यावर काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं!

घारीचंही डोकं बधिर झालं होतं. मामा खोटं बोलत नव्हता. लाँड्रीवाले काका खोटं बोलत नव्हते. मग खोटं बोलत होतं कोण? ती खिशातल्या बुचाशी चाळा करत बसली. मग ताडकन उठली.

“वकिला, ओढ्यात गळ टाकण्याआधी आपण काय करतो?”

“भांडतो.”

“त्याच्यानंतर!”

“खोली बघतो. दोरीला शिसं बांधून तळाशी सोडतो आणि बूच पाण्याबरोबर येईपर्यंत सरकवतो...” वकिलाचे डोळे चमकले. “अगं!”

“टाचणे, तुझ्या बाबांची पडदे मोजायची टेप घेऊन ये! पळ!”

मामाच्या खोलीकडे परत येऊन घारीने पट्टीला अगदी लागून शिसं सोडलं. खाली दगडाला ते टक्कन लागल्याचं दोरीतून बोटांना कळलं. तिने बूच सरकवत सरकवत बरोबर पाण्यावर आणलं, दोरी वर काढली आणि टाचणीने टेप लावली.

“साडेसहा फूट!”

“शक्यच नाही. दोरी तिरकी गेली असेल. पुन्हा!” वकील म्हणाला.

पुन्हा साडेसहा. तिसऱ्यांदा साडेसहा. मग वकिलाने गळाची लांब काठी पट्टीच्या बुडाशी खुपसली, तर ती पट्टीच्या खालून आरपार पलीकडे गेली!

“मामा! तुझी पट्टी तळाला टेकलेलीच नाही!”

मामा धावत आला. त्याने स्वतः काठी घालून पाहिली. एकदा, दोनदा. मग त्याने वरच्या बोल्टांवरून हात फिरवला. “पूर्वी खालच्या दगडावर टेकलेली होती रे. आता दोन फूट वर लटकतेय! पण भोकं जुनी, बोल्ट जुने, जागा जुनी... मग ही वर गेली कशी?”

“पट्टीला हात कोणाकोणाचा लागला?” वकिलाने विचारलं.

“कचेरीचा सुतार आणि तो पाट्या रंगवणारा पेंटर.”

“उद्या दोघंही इथे हवेत.”

“बोलावलं तर येतील होय! चूक म्हटली की दोघांनाही कामं निघतील.”

“चुकीचं नावच नाही काढायचं,” टाचणी म्हणाली. “कौतुकाला कोण नाही येणार?”

संध्याकाळी तिघं आधी सुताराकडे आणि मग पेंटरकडे गेली. “उद्या मोठे साहेब तळ्यावर येताहेत. पट्टीचं काम कोणी केलं ते आम्ही त्यांना सांगणार आहोत,” एवढंच त्यांनी सांगितलं. यात खोटं काय होतं?

सकाळी दोघंही इस्त्रीचे कपडे घालून हजर! साहेब आले, फाइल काखेत मारून कारकून आला, आणि मामा खरंच जातो ना हे पाहायला लाँड्रीवाले काकाही आले. साहेब पट्टीकडे पाहून म्हणाले, “वा, छान झालीय!”

“साहेब, हे यांचं काम!” वकिलाने लगेच सुताराला पुढे केलं. “काका, सांगा ना, कसं केलंत?”

सुतार फुलून गेला. “बूड पार कुजलं होतं साहेब. बरोबर दोन फूट कापून टाकलं. आणि वर जुन्याच भोकांत, जुन्याच बोल्टांवर बसवली. तसूभर इकडची तिकडे नाही!”

“आणि आकडे?”

“ते माझे,” पेंटर म्हणाला. “जुने खरवडून काढले आणि खालच्या टोकापासून मोजून एक, दोन, तीन टाकत आलो. बघा, मोत्यासारखे आहेत की नाही!”

“म्हणजे यांनी बूड दोन फूट वर नेलं,” वकील सावकाश म्हणाला, “आणि तुम्ही तिथून एक मोजायला सुरुवात केलीत?”

“अर्थात! आकडे खालूनच—” पेंटर बोलता बोलता थांबला. त्याने सुताराकडे पाहिलं. सुताराने कारकुनाकडे पाहिलं. कारकून फायलीत पाहू लागला. “मी दोन्ही कामं पूर्ण अशी नोंद केली होती,” तो पुटपुटला, “बरोबर की चूक, असा रकानाच नाही.”

साहेबांनी घारीच्या हातातून दोरी घेतली आणि स्वतः शिसं सोडलं. साडेसहा! मग मुलांनी त्यांना झुडपांतून पलीकडे नेऊन सांडणारं पाणी दाखवलं. परत येताना साहेबांच्या पँटला काटे लागले होते, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

“चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो मी!” ते मामाला म्हणाले. “बदली रद्द. तुम्ही इथून हलायचं नाही.” आणि मुलांकडे वळून म्हणाले, “सगळी मोठी माणसं आपापलं काम चोख करून मोकळी झाली, पण पाण्यात हात घातला तो तुम्ही तिघांनीच. शाबास!”

लाँड्रीवाले काका पुढे आले. “चुकलो हो राखणदार. माझ्या पोरीला ठाऊक आणि मलाच पत्ता नाही!” त्यांनी टाचणीच्या डोक्यावर हात ठेवला. टाचणीला त्या वेळी टोकदार असं काहीच सुचलं नाही.

मामा दाराच्या चाकापाशी गेला. दोन्ही हातांनी चाक धरून तो उभा राहिला, पण सवयीने त्याची नजर पट्टीकडे वळली आणि तो हसला.

“घारे, आज तू सांगायचं. पाणी किती?”

घारीने शिसं सोडलं, बूच नीट बसवलं, टाचणीने टेप धरली. “साडेसहा!” घारी मोठ्याने म्हणाली. मामाने चाक फिरवलं. दार कुरकुरत वर आलं आणि पाणी धाडकन ओढ्याच्या वाटेला लागलं, खाली त्या डबक्यात अडकलेल्या माशांकडे. मामाने बाहीने डोळे पुसले आणि ते कोणापासून लपवलंही नाही.

“नोंद करा,” साहेब कारकुनाला म्हणाले. “पाणी साडेसहा फूट. दार उघडलं.”

“मोजणाऱ्याचं नाव काय लिहू?” कारकुनाने विचारलं. “इथे फक्त राखणदाराचंच नाव चालतं.”

“मग लिहा की,” मामा घारीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “राखणदाराची भाची!”