पत्र्यावरची वाफ

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हसू नका. हरवलाय तो माझा सख्खा भाऊ आहे.

यंदाच्या पौषातली गोष्ट. पाचोऱ्याची जुनी धर्मशाळा. मी पुनम, माझा भाऊ नवल. जुन्या छपरांची दुरुस्ती हे आमचं दोघांचं काम.

पाऊस नसताना छत ठिबकत होतं. सागाचे वासे कुजले होते. पंख्यात येऊन पारवे मरायचे, म्हणून ट्रस्टी जवरीलालजींनी छपराचे सगळे झरोके सिमेंटने बुजवले होते.

"मुक्या जिवांसाठी केलं हो," ते म्हणाले.

"पण काकाजी, खाली झोपणाऱ्यांचा श्वास जाईल कुठे? थंड पत्र्याला लागून त्याचंच पाणी होतंय," नवल हसत म्हणाला.

मग तो वर चढला. फळ्या आणि पत्र्याच्या मधल्या पोकळीत. भर दुपारी.

मी शिडी धरूनच उभी होते...

तो खाली आलाच नाही.

पोलीस आले. फळी न् फळी उचकटली. आत कोणीच नव्हतं. फक्त त्याची बॅटरी... चालू.

धर्मशाळेला कुलूप लागलं. आता आत माणूसच नाही, म्हणजे वाफही नको. तरी पहाटे जवरीलालजींकडून किल्ली घेऊन मी शिडी चढले. सगळा पत्रा कोरडा होता...

तळहाताएवढी एक जागा सोडून.

तिथे वाफ धरली होती. मी ओढणीने पुसली.

पुन्हा धरली... विरली... पुन्हा धरली.

कोणीतरी श्वास घेत होतं.

"नवल! अरे, बोल ना रे!" मी पत्र्यावर मुठी आपटल्या. पत्र्यापलीकडे नुसतं आभाळ होतं.

मी रोज पहाटे जायचे. वाफ रोज थोडी विरळ व्हायची. मी वेडीपिशी झाले. दिसेल त्या देवाला नवस बोलले.

शेवटी ती वाफ स्वतः बघून जवरीलालजी रडत म्हणाले, "बेटा, झरोके उघड. कोंडमारा होत असेल त्याचा."

मला पटलं. निदान हवा तरी मिळेल! मी स्वतः छिन्नी-हातोडी घेतली. शेवटचा झरोका फुटला, तसा गार वारा आत घुसला.

दुसऱ्या दिवशी ती जागा कोरडी होती.

तेव्हापासून कोरडीच आहे. आता तिथे पुन्हा लोक झोपतात. छत ठिबकत नाही. काम चांगलं झालं म्हणतात सगळे.

आई दारात बसून असते. "पुनम, मना नवल उना का?" आला का, एवढंच रोज विचारते.

काय सांगू तिला? हवा मिळाली म्हणून तो सुटला... की त्याचा शेवटचा श्वास मीच बाहेर घालवला?