वीस मिनिटांचं पाणी

पॉल साळवे नगरच्या तंत्रनिकेतनात इंजिनं शिकवायचे. मोजमापाचं वेड इतकं, की स्वतःची मोटरसायकल लीटरला किती पळते तेही टाकीवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवायचे. एकट्यानं गेलं तर साठ, मागे बायको एंजेला असेल तर चौपन्न. एंजेलाला हे अजिबात आवडायचं नाही.

त्यामुळे मिशनच्या दवाखान्यानं मुळा धरणाच्या फुगवट्यावर पेशंट आणायला होडी ठेवायचं ठरवलं, तेव्हा हिशोब मांडायला साळवे सरांनाच बोलावलं. अट एकच होती. पलीकडच्या वाडीपासून अलीकडच्या काठापर्यंतचं पाच किलोमीटर पाणी पंचवीस मिनिटांत कापलं पाहिजे. नाही जमलं तर इंजिन दुसरीकडे जाणार.

होडी चालवायचे भीमराज. त्यांची लेक दीपा पलीकडच्या वाडीत दिलेली. दोन वर्षांपूर्वी बाळंतपणाला तिला जीपमधून बावन्न किलोमीटरचा वळसा घालून आणलं, आणि पोर वाटेतच गेलं. आता तिला पुन्हा आठवा महिना लागला होता. भीमराजांनी हे सरांना पहिल्या दिवशी सांगितलं, नंतर कधी त्याचा विषय काढला नाही.

सरांनी वाळूच्या गोण्या भरून फेऱ्या मारल्या. दोन माणसं असली की ताशी पंधरा किलोमीटर, म्हणजे वीस मिनिटं. पुढे दर माणसामागे एक मिनिट वाढतं. पेट्रोल तासाला चार लीटर. बारा लीटरच्या टाकीतलं एक तृतीयांश अडीअडचणीला राखलं, तर तीस किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन तीन फेऱ्या. गणित चोख बसलं आणि सर खूश झाले.

खटकली ती एकच गोष्ट. काठाला लागलं की भीमराज आधी उतरायचे, रिकाम्या होडीकडे तोंड करून म्हणायचे, "उतरा. गाव आलं." मग हात पाठीमागे बांधून दोन मिनिटं गप्प उभे राहायचे.

"कोणाला सांगता हो?" सरांनी विचारलं.

"जुन्या शेरी गावच्या, मेलेल्या मान्सांला. गाव पान्याखाली गेलं, रस्ता राह्यला न्हाई त्यांना. मधी चढत्यात." भीमराज हवापाण्याचं बोलावं तसं बोलले. "माज्या बापापासून हाय हे. म्हनायचं आन थांबायचं. हात मातर द्यायचा न्हाई."

सर हसले नाहीत. खेड्यापाड्यातल्या माणसांची थट्टा करणं त्यांना पटत नसे. त्यांनी फक्त विचारलं, "भीमराजभाऊ, होडीत उद्या दीपा असली, तर दोन मिनिटं असेच उभे राहाल?"

भीमराजांनी होडीची दोरी खुंट्याला बांधली. "न्हाई," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते सोडलं.

त्या दिवशी वीस मिनिटंच लागली. पुढच्या दिवशी एकवीस. मग बावीस.

सरांनी प्लग बदलला. पंख्यात जाळं अडकलंय का पाहिलं, पेट्रोल गाळून घेतलं. वारा नव्हता, पाणी ताटात वाढल्यासारखं स्थिर होतं. तरी रोज एक मिनिट वाढतच गेलं. होडीच्या कडेला त्यांनी रंगानं रेघ मारली होती, ती रोज बोटभर खाली जाऊ लागली. तळ बघायला होडी काठावर ओढायची म्हटलं, तर एरवी चौघं ओढायचे ती सात जणांना हलेना. आत पाण्याचा थेंब नव्हता.

नवव्या दिवशी दहा वाजता चाचणी होती. सकाळच्या फेरीला अठ्ठावीस मिनिटं लागली. वीस अधिक आठ. ही बेरीज सरांनी वहीत लिहिली नाही.

भीमराजांचा चेहरा उतरला होता. "सर, दीपाला पुन्यांदा त्या रस्त्यानं न्यायची माजी छाती न्हाई. तुमी सोडायला लावलं, तुमीच म्हना आता."

"आत्ता?"

"माजं आता ऐकत न्हाईत. सकाळीच म्हनून बगितलं."

सरांना स्वतःचीच लाज वाटली, आणि थोडी भीतीही. काठावर उभं राहून ते हळूच म्हणाले, "उतरा. गाव आलं."

काहीच झालं नाही. दूर कोणाचा तरी पंप चालू होता.

होडीतून कोणी उतरत असलं की हात पुढे करायची सरांना जुनी सवय. आठ दिवस दवाखान्याच्या नर्सताईंना, वाडीच्या बायकांना त्यांनी तसाच हात दिला होता. आताही तो आपोआप पुढे गेला.

होडी वर आली. रंगाची रेघ पाण्यावर दिसू लागली.

भीमराज दोरी सोडायला वाकले होते. उठून त्यांनी विचारलं, "हात न्हाई ना दिला?"

"नाही," सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चुकीची नोंद दिली होती.

दवाखान्याच्या डॉक्टर स्नेहल आणि नर्सताई होडीत बसल्या. चार माणसं, बावीस मिनिटं. तक्त्याबरहुकूम. डॉक्टरांनी तिथल्या तिथे सही केली. भीमराजांनी दीपाला फोन लावला, आणि "तुमी सांगा" म्हणत नर्सताईंकडे दिला.

चार वाजता ते नगरला निघाले. टाकी सकाळीच भरलेली होती. राहुरी सोडली तरी गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जाईना. विळदच्या चढाला पहिला टाकावा लागला. घरापासून दोन किलोमीटरवर पेट्रोल रिझर्व्हला आलं.

फाटकाशी त्यांनी गाडी बंद केली. मागचं चाक वरच्या मडगार्डला टेकलं होतं. त्यांनी मागे पाहिलं नाही, उतरलेही नाहीत. काय म्हणायचं ते त्यांना माहीत होतं. पण हे त्यांचं गाव होतं, त्यांचं घर होतं. ते दातओठ घट्ट मिटून बसून राहिले.

आतून एंजेलाचा आवाज आला. "आलात? मग उतरा की! चहा टाकलाय."

सीट त्यांच्याखाली बोटभर वर उचलली गेली. मग आणखी बोटभर.

सरांनी आठ मोजले.

एंजेलानं जाळीचं दार उघडलं. सर अजून गाडीवरच होते. दार धरून ती जरा बाजूला सरकली, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.