सांडशी कुणाच्या हाती

"वैनी, आज तुम्ही भट्टीवर येऊ नका. पाहुणे यायलेत," शिवराज म्हणाला, आणि मालनबाईच्या हातातला घण त्याने काढून घेतला...

अरे, पण कुणाच्या हातातून? तिचा नवरा हिम्मतराव गेले तेव्हा या दिराला मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. उदगीरहून भाऊ तिला न्यायला आले होते, दुसरं स्थळही पाहून ठेवलं होतं. पण चिक्कडपल्लीतली सासरची भट्टी विझली तर हे पोर उघड्यावर पडेल, म्हणून तिने पदर खोचला आणि घण उचलला. लोहाराच्या घरात बाईने घण मारणं काही नवं नव्हतं. शिवराज सांडशीत लोखंड धरी, हातोडीने टिचकी मारून जागा दाखवी आणि ती तिथे घाव घाली. सांडशी धरणारा कारागीर, घण मारणारा नुसता हात... हे तिने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. आज मात्र तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"का रे? माझी लाज वाटायली तुला?"

"तसं नाही हो. बाहेरदेशी माल पाठवणारे लोक हैत ते. बाईमाणूस घण मारतंय म्हणल्यावर काय म्हणतील? तुम्ही चहाचं बघा."

चहाचं बघा म्हणे! बाजार खुला झाला तशा दुकानादुकानांत परदेशी चकचकीत सुऱ्या आल्या आणि जुनं गिऱ्हाईक तुटलं. आता लोखंड-पोलादाचे थर जोडून घडवलेल्या सुऱ्यांची बाहेरदेशची ही मागणीच घराचा आधार होती. आणि ज्या बाईच्या घावांनी ते थर जोडले, तिनेच आत तोंड लपवून बसायचं! मालनबाईने पातेलं चुलीवर असं आदळलं की निम्मं पाणी सांडलं.

सिकंदराबादचे व्यापारी अनिलबाबू येऊन बसले. शिवराजने लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचल्या, सांधा धरावा म्हणून त्यांवर सुहागा टाकला आणि ती चवड पिवळीधमक तापवली. घण होता रोजंदारीवर आणलेल्या गड्याकडे. पाहुण्यांपुढे ताकद दाखवायला त्याने पहिलाच घाव जीव खाऊन घातला. थर घसरले, चवड फाकली. थरांनी एकमेकांना धरेपर्यंत घाव हलकाच लागतो, हे त्या मेल्याला कोण सांगणार! दारातून पाहणाऱ्या मालनबाईने दात आवळले.

"तुम्ही आधी पाठवलेली नमुन्याची सुरी ह्यानंच मारलेली का?" अनिलबाबूंनी विचारलं.

शिवराजची मान खाली गेली. "नाही जी. माझ्या वैनीनं."

गड्याकडून घण घेऊन तो आत आला. "चुकलं माझं, वैनी. तुमच्या हातानं मोठा झालो आणि तुम्हालाच झाकून ठेवलं..." त्याने घण तिच्यापुढे धरला. "चला."

तिने घणाकडे पाहिलंही नाही. "तो तू मार. सांडशी मला दे."

पाहुण्यांसमोर कारागीर ती, आणि तो नुसता हात! मग भट्टीपाशी येऊन शिवराजने सांडशी तिच्या हातात दिली.

मालनबाईने नव्या पट्ट्या रचल्या, तापवल्या, ऐरणीवर घेतल्या. डोळे वाहत होते, पण राग अजून निवला नव्हता. तिने हातोडीने टिचकी मारली.

"हळू," ती म्हणाली.

शिवराजने घण उचलला आणि तिने दाखवलं तिथे, हळू मारला.